शिवलेलं पान

बसऱ्याहून आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. असं लिहून पाहिलं तर वाक्य जेमतेम एका ओळीत मावतं, आणि मावतं याचंच मला नवल वाटतं. पत्र रेघांच्या वहीतून काढलेल्या दोन पानांवर होतं, निळ्या शाईत. इंग्रजी अक्षर सुबक, पण जरा डावीकडे कललेलं, उजवीकडून डावीकडे लिहिण्यात वाढलेल्या हाताचं असावं तसं. खाली सही, आणि सहीखाली ‘ग्रंथपाल’ हा शब्द, सहीपेक्षा मोठा. आम्ही या पेशातली माणसं तसंच लिहितो. आमच्याकडे बघून तो शब्द कुणाला आपणहून सुचत नाही. नाव होतं सुहाद. पुढे लांब आडनाव होतं, पण मनात मी त्यांना पहिल्या दिवसापासून सुहादबाईच म्हणत आलो, आणि एकवीस वर्षांत त्यांच्याशी इतकं बोललो आहे की आता प्रत्यक्ष भेटल्या तर त्यांना माझ्या बोलण्याचा संदर्भच लागायचा नाही.

विसरलो होतो असं नाही. जिन्यातली एखादी पायरी सैल असते, घरच्या माणसाला ती कुठे आहे ते ठाऊक असतं आणि पाय आपोआप पुढच्या पायरीवर पडतो, तसं ते पत्र माझ्या घरात होतं. मागच्या मंगळवारी मात्र पाय नेमका तिथेच पडला. दुपारचं जेवण झालं होतं. लंडनच्या कडेला, पिनरमधल्या आमच्या खिडकीतून समोरच्यांचं सफरचंदाचं झाड दिसतं. ऑक्टोबरात त्याखाली फळं पडून राहतात आणि कुणी उचलत नाही. मी ती बघत बसलो होतो, म्हणजे बहुधा काहीच बघत नव्हतो. फोन वाजला.

“काका, श्रद्धा बोलतेय, केमिस्टमधून. सकाळी नेलेला गोळ्यांचा बॉक्स उघडलात का?”

“नाही अजून.”

“नका उघडू. लेबलवर दिवसातून दोनदा छापलंय, तुमची एकदाच आहे. माझी चूक झाली. सॉरी हं काका. घरी जाताना मी नवीन बॉक्स आणून देते, जुना माझ्याकडे द्या.”

“बरं.”

“घाबरलात का?”

“छे छे.”

“काकूंना नका सांगू हं, नाहीतर मला फुल लेक्चर मिळेल,” ती हसली, मागे दुकानाच्या दाराची घंटा वाजली, आणि फोन बंद झाला.

ओव्हनवरच्या घड्याळात एक मिनिटही पुढे सरकलं नव्हतं. मी रिसीव्हर हातात धरून उभा राहिलो. माझी चूक झाली. किती सहज म्हणाली ती, एका गिऱ्हाइकाकडून दुसऱ्याकडे वळता वळता. श्रद्धा नागपूरची, नवऱ्याच्या व्हिसावर आली आणि इथे परीक्षा देऊन फार्मसिस्ट झाली; वय तिशीच्या आतबाहेर. तिच्या आवाजात भीती नव्हती असं नाही, पण भीतीच्या पुढे ती चालत गेली होती, जसा माणूस पावसात छत्री नसली तरी बसस्टॉपपर्यंत चालत जातो. वैजयंती आतून म्हणाली, “कोण होतं?” मी म्हणालो, “कुणी नाही.” हे उत्तरही माझ्या तोंडात किती तयार असतं.

वेल्समध्ये, कार्डिफमधल्या एका इस्पितळात मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो. ग्रंथालय तळघरात. डोक्यावरून ट्रॉल्यांची चाकं गडगडत जायची, कधी त्यांच्यामागून धावणारी पावलं, आणि खाली आमच्याकडे हीटरच्या पाइपात पाणी गुरगुरायचं. मला ती जागा आवडायची. वर माणसं जन्मत होती, मरत होती, आणि त्या सगळ्याची खालची टीप म्हणून मी बसलो होतो. माणसांशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. पण कुणी काउंटरवर येऊन पुस्तक मागितलं की त्या पुस्तकापुरतं मला बोलता यायचं. बसऱ्याबद्दल मला तोवर एकच गोष्ट माहीत होती, वैजयंतीच्या नथीतले मोती. नथ तिच्या आजीची, मोती बसऱ्याचे, असं लग्नात चार जणींनी मला चार वेळा सांगितलं होतं. २००३ साली इराकच्या युद्धात टीव्हीवर त्या शहरावर धूर दिसायला लागला तेव्हा मी वेड्यासारखा त्या मोत्यांकडे बघत होतो, म्हणजे डोळ्यांपुढे धूर आणि धुराच्या आत ते सात-आठ पिवळसर पांढरे थेंब. युद्धाच्या आधी फेब्रुवारीत लंडनला मोठा मोर्चा निघाला होता. वैजयंती स्वेटरवर स्वेटर चढवून कोच बसने गेली. मी गेलो नाही. गर्दीत मला घोषणा देता येत नाहीत. ओठ हलतात, आवाज येत नाही. “तुम्ही घरी राहा,” ती म्हणाली, “आणि युद्ध थांबलं तर आमटी गरम करून ठेवा.” युद्ध थांबलं नाही. आमटी मी गरम केली होती.

मग उन्हाळ्यात, ते शहर आपल्या, म्हणजे ब्रिटिश, सैन्याच्या ताब्यात गेल्यावर, नेरिस तळघरात आली. नेरिस आमच्याच इस्पितळातून निवृत्त झालेली सुईण, सहा फूट उंच, आवाज चॅपलमध्ये गाऊन कमावलेला. मोर्चाच्या कोचमध्ये वैजयंतीच्या शेजारी तीच होती. दर शनिवारी तिच्या चॅपलच्या हॉलमध्ये दहा-बारा जण जमून खोकी भरत: गॉज, साबण, दुधाची पावडर, लहान मुलांचे कपडे. ओल्या कोटांचा वास, चहाच्या मोठ्या भांड्याची वाफ, आणि टेपचे रोल फाटण्याचा आवाज. कुणाला पगार नाही, कुणाचा हुकूम नाही. “शशी,” ती म्हणाली, “ते शहर आपल्या सैन्याने घेतलंय. म्हणजे तिथल्या बाळंतिणी आता आपल्या.” तिने बॅगेतून एक कागद काढला. बसऱ्यातल्या मुलांच्या इस्पितळातलं वाचनालय लुटलं गेलं होतं, कपाटंसुद्धा नेली होती. आणि त्याआधी बारा-तेरा वर्षं निर्बंधांमुळे नवं पुस्तक म्हणून आलं नव्हतं. पुस्तकं मिळतील का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी हो म्हणालो. आयुष्यात इतक्या झटक्यात मी दुसऱ्या कशाला हो म्हणाल्याचं आठवत नाही.

तो महिना मी हवेत होतो. नवी आवृत्ती आली की जुनी फळीवरून काढायची, आतल्या पानावर ‘रद्द’चा शिक्का मारायचा, हे आमचं नेहमीचं काम, आणि नेहमी मला ते जड जायचं. आता शिक्का मारताना हात हलका झाला. हे रद्द होत नाहीये, प्रवासाला निघालंय, असं मी पुस्तकांना मनात सांगायचो. दोनशे चाळीस पुस्तकं झाली. त्यांत लहान मुलांच्या औषधांच्या प्रमाणाचं एक हँडबुक होतं, खिशात मावणारं, सहा प्रती. डॉक्टर ते सतत वापरत म्हणून एवढ्या प्रती. रात्रपाळीच्या नर्सांच्या बोटांनी त्यांच्या कडा मऊ झाल्या होत्या. मी त्या सहाही प्रती वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि शेवटच्या खोक्यात सगळ्यांत वर ठेवल्या, कारण खोकं उघडल्यावर आधी त्याच हाताला लागाव्यात.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. मला डिंकाचा तिटकारा होता. पुस्तकात छपाईची चूक निघाली की प्रकाशक शुद्धिपत्राच्या पट्ट्या पाठवतात, बोटभर रुंदीच्या, एका कडेला कोरडा डिंक लावलेल्या. जितक्या प्रती तितक्या पट्ट्या. ओल्या स्पंजवरून कड फिरवायची आणि त्या त्या पानावर चिकटवायची, हा नियम. माझा हात तिथे अडायचा. डिंकाने पान आखडतं, मग पिवळं पडतं, मग कसर लागते. म्हणून मी पट्ट्या कार्डांच्या खणात त्या पुस्तकाच्या कार्डामागे ठेवायचो, आणि पुस्तक कुणी न्यायला लागलं की तोंडी सांगायचो, पान अमुक, जरा ही पट्टी बघून घ्या. मी रजेवर असलो तर काउंटरवर चिठ्ठी ठेवायचो. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं. पुढे सगळं कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा कार्डांचे खण भंगारात निघाले. एक मी घरी आणला. माझ्याशिवाय कुणाला ही पद्धत माहीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमान होता. त्या पुस्तकांचं शुद्धिपत्र मीच होतो. पुस्तकं बसऱ्याला गेली आणि मी कार्डिफमध्ये राहिलो.

पत्र पुढच्या मार्चमध्ये आलं. टपाल तिकडे धड चालत नव्हतं. नेरिसच्या ओळखीची एक नर्स तिकडून परतली, तिच्या बॅगेतून आलं. सुहादबाईंनी आधी आभार मानले होते, बरेच आणि नीट. खोकी फाटकाशी कशी पोचली ते लिहिलं होतं: ‘तुमच्या देशाचे सैनिक ती ट्रकमधून घेऊन आले. त्याच फाटकाशी पंधरा दिवसांपूर्वी तुमच्या देशाच्या सैनिकांनी आमची अँब्युलन्स तासभर अडवली होती. दोन्ही वेळा ते अदबीने वागले.’ या वाक्यावर मी बराच वेळ थांबलो होतो. त्यात तक्रार होती की नव्हती, मला आजही सांगता येत नाही. पुढे त्यांनी लिहिलं होतं की हँडबुकमधल्या पान २१८ वर, झटके येणाऱ्या बाळांना द्यायच्या औषधाच्या कोष्टकात, काहीतरी विचित्र वाटतं. त्यांच्याकडचे वयस्कर डॉक्टर म्हणतात हे प्रमाण फार आहे, चुकलेलं आहे. तरुण डॉक्टर म्हणतात, ब्रिटनमध्ये छापलेलं पुस्तक आहे, तेरा वर्षांत विज्ञान पुढे गेलं असेल, आपण मागे राहिलो असू. ‘तुम्ही ग्रंथपाल आहात, म्हणून तुम्हाला विचारते. याचं काही शुद्धिपत्र आहे का? तुमचं उत्तर येईपर्यंत आमच्या प्रतीतलं ते पान मी सुईदोऱ्याने शिवून बंद केलं आहे. उत्तर आलं की दोरा कापीन.’

त्या संध्याकाळी मी खण काढला. कार्डामागे सहा पट्ट्या होत्या, कोऱ्या करकरीत. पान २१८: पहिल्या व दुसऱ्या रकान्यांचे मथळे उलट वाचावेत. म्हणजे एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या नावाखाली मोठ्या मुलाचं प्रमाण छापलं होतं. मला आधी काय वाटलं ते मी प्रामाणिकपणे सांगतो. आधी मला वाटलं, पानात सुई कशी घातली यांनी. मग दुसरं वाटलं, आणि ते अजून संपलेलं नाही: सहा प्रती होत्या. सुहादबाई एकाच प्रतीबद्दल लिहितात. बाकीच्या पाच कुठे आहेत?

मी उत्तर लिहायला बसलो. अकरा मसुदे केले. पहिल्यात डिंक, आम्ल आणि कसर यांवर दीड पान होतं. तिसऱ्यात प्रकाशकाला दोष दिला होता, आणि तो खोटा नव्हता. सातव्यात कर्मणी प्रयोग इतका होता की पट्ट्या आपणहूनच खणात जाऊन बसल्या असाव्यात असं वाटत होतं. नेरिस पुढच्या शुक्रवारी सामान घेऊन निघणार होती. पाकीट तिच्या हातात द्यायचं, आणि ती विचारणार, काय आहे यात? ती सुईण होती. तिने हजारो बाळं हातात झेललेली. शुक्रवारी मी फ्लू झाल्याचं कळवलं. खरंच अंगात कसकस आली होती, शरीर माझ्या बाजूने खोटं बोलायला तयार असतं. नेरिस परतली ती रस्ते धोक्याचे झाल्याच्या बातम्या घेऊन. तिकडे बाहेरच्या माणसांना पळवून नेत होते, मारत होते. मे महिन्यात हॉलमधली शेवटची खोकी परत रिकामी केली गेली आणि चहाचं भांडं चॅपलच्या कपाटात गेलं. नेरिस टेपचा रोल हातात घेऊन रडली. सगळे तिच्याभोवती उभे होते. मीही होतो. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आता पाठवायची सोयच नाही, असं माझ्या मनाने स्वच्छ मराठीत म्हटलं, आणि मी घरी येऊन पोटभर जेवलो. त्याच जेवणात वैजयंतीने विचारलं, “त्या बसऱ्याच्या बाईंना उत्तर दिलंत ना?” मी म्हणालो, “हो.”

एका अक्षराचा तो शब्द पुढे केवढा वाढला. निवृत्तीनंतर आम्ही मुलीजवळ, मनीषाजवळ राहायला म्हणून पिनरला आलो, आणि वैजयंतीने इथल्या मराठी मंडळींत सांगायला सुरुवात केली, ह्यांनी इराकला वाचनालय उभं करून दिलं. दोनशे चाळीस पुस्तकांची कधी हजार झाली. एका दिवाळीच्या कार्यक्रमात, शाळेच्या हॉलमध्ये, मला शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. सूत्रसंचालन करणाऱ्या स्टॅनमोरच्या राजीवने ‘ज्ञानाचा नंदादीप’ असं काहीतरी म्हटलं. मी शाल अंगावर घेऊन उभा होतो आणि समोरच्या रांगेत एक बाळ आईच्या खांद्यावरून माझ्याकडे टक लावून बघत होतं. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी दोनच बोललो, “आभारी आहे.” त्यालाही टाळ्या पडल्या, नम्र आहेत हो, असं कुणीतरी म्हणालं. ती शाल आता सोफ्याच्या पाठीवर असते. मी तिच्यावर डोकं टेकत नाही, वैजयंतीला वाटतं मला लोकर टोचते.

मी बसरा कधी पाहिलं नाही. तरी दुपारी डोळा लागला की मी तिथे जातो, म्हणजे माझ्या त्या बसऱ्याला. एक लांब खोली असते, रिकाम्या भिंतींवर कपाटांच्या जागी फिके चौकोन. खिडकीबाहेर नदी, वेल्समधल्या नदीसारखीच राखाडी, कारण दुसरी मला माहीत नाही. सुहादबाई टेबलाशी बसलेल्या असतात, त्यांचा चेहरा दिसत नाही, हात दिसतात. समोर ते छोटं पुस्तक, आणि पानाच्या कडेला दोऱ्याचे टाके, एकसारखे, आमच्याकडे बायका गोधडीला घालतात तसे. बाकावर आया बसलेल्या असतात, मांडीवर बाळं. कुणी रडत नाही. सगळे शांतपणे वाट बघत असतात, आणि मी दारात उभा असतो, तोंड उघडतो, ओठ हलतात, आवाज येत नाही. मग मी इतर पाच पुस्तकं शोधायला निघतो. कॉरिडॉर संपत नाही. प्रत्येक दाराआड कुणीतरी पान उलटल्याचा आवाज येतो, आणि दार उघडलं की खोली रिकामी. जागा होतो तेव्हा समोर सफरचंदाचं झाड, पिनर, चार वाजलेले.

त्या मंगळवारी श्रद्धाचा फोन ठेवला आणि मी झोपलो नाही. जिन्याखालच्या कपाटातून खण बाहेर काढला. त्यावर बुटाच्या पॉलिशच्या डब्या आणि एक मेलेली टॉर्च होती. कार्डं अजून क्रमाने होती. पट्ट्या होत्या. सहा. मागे पत्र, घडीवर मऊ झालेलं. मी जमिनीवरच बसलो, आणि एकोणऐंशीव्या वर्षी जमिनीवर बसणं हा मोठा निर्णय असतो. उठता येईना. वैजयंती आली.

“काय शोधताय? पॉलिश? कुठे मिरवायला निघालात?”

“अगं, बस जरा.”

“खाली? मला कोण उठवणार मग?” पण माझ्या हातातला कागद तिने ओळखला असावा, कारण ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली. मी सांगितलं. डिंकापासून शुक्रवारच्या फ्लूपर्यंत, आणि मग तो ‘हो’. मी तिच्याकडे न बघता पॉलिशच्या डबीकडे बघून बोलत होतो. किती वेळ लागला कोण जाणे. श्रद्धाला एक मिनिटही लागलं नव्हतं.

“मी विचारलं होतं तुम्हाला,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“जेवताना.”

“हो.”

“पोळ्या करत होते मी. एवढं आठवतंय मला.” ती पायरीवरून उठली. मग म्हणाली, “आणि मी ती शाल गावभर मिरवली.”

तिने मला उठवलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली, भांडी आपटली नाहीत, रेडिओ लावला नाही. मी कठड्याला धरून उठलो. सोफ्याच्या पाठीवर शाल नव्हती. संध्याकाळ झाली तरी आम्ही बोललो नाही, आणि पन्नास वर्षांत त्या शांततेला मी पहिल्यांदा घाबरलो, कारण ती नेहमीची रुसव्याची नव्हती. ती हिशोब बदलणारी होती. मागच्या प्रत्येक दिवाळीवरून, प्रत्येक कौतुकावरून तिचा हात फिरत होता आणि काय उरतं ते ती बघत होती. मला वाटलं, आता हिच्याकडेही मी रद्दचा शिक्का असलेला माणूस. श्रद्धा नवा बॉक्स घेऊन आली तेव्हा दारात वैजयंतीच गेली. मला लेक्चरचे शब्द ऐकू येतील म्हणून मी कान दिला. वैजयंती म्हणाली, “लगेच फोन केलास, बरं केलंस गं बाई. चहा घेतेस?”

दुसऱ्या दिवशी नात आली, मनीषाची सिया. युनिव्हर्सिटीत आहे, आठवड्याची सुट्टी. तिला वैजयंतीने काय सांगितलं मला माहीत नाही. पण ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने लॅपटॉप उघडला.

“आजोबा, हा हॉस्पिटल आहे. सेम नाव. वेबसाइट पण आहे, बघा. फोन नंबर, ईमेल, सगळा.” तिच्या मराठीत सगळी लिंगं पुल्लिंगी होऊन गुण्यागोविंदाने नांदतात. पडद्यावर एका कॉरिडॉरचा फोटो होता, भिंतीवर मुलांनी काढलेले मासे. माझ्या कॉरिडॉरपेक्षा तो खूपच आखूड होता, आणि त्याला शेवट होता, शेवटी खिडकी. मी त्या खिडकीकडे बघत राहिलो.

“लायब्रेरियनचा नाव नाहीये. ईमेल करू?”

“पट्ट्या ईमेलने कशा जातील?”

“फोटो काढून. पण आजोबा, ऑनेस्टली, तो पुस्तक आता कोण वापरतो? एवढा जुना एडिशन. दे विल हॅव बिन्ड इट. कधीच फेकून दिला असेल.”

खरं होतं. वैद्यकाच्या दृष्टीने माझ्या उत्तराचा आता काडीचा उपयोग नव्हता. जो उपयोग होता तो २००४च्या मार्चमध्ये होता, कदाचित एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. मी मान हलवली आणि खण बंद करायला लागलो. मला ते किती सोपं जातं.

“त्या बाईंनी विचारलंय,” वैजयंती दारातून म्हणाली. कालच्यानंतर माझ्यासमोरचं तिचं हे पहिलं वाक्य, आणि ते मला उद्देशून आहे की सियाला, कळेना. “एकवीस वर्षं झाली तरी विचारलेलं विचारलेलंच राहतं. कागद आणू का?”

“मी मसुदा—”

“मसुदा नाही. तुमची दीड-दीड पानं मला माहीत आहेत. चार ओळी लिहा. आणि ‘खेद वाटतो’ असलं काही लिहू नका. तुम्हाला काय वाटतं ते त्यांनी कशाला वाचायचं?”

ती समोर बसली. मी लिहिलं. अक्षर सुहादबाईंच्या अक्षरापुढे ठेवण्यासारखं नव्हतं. पान २१८ वर पहिल्या दोन रकान्यांचे मथळे उलटे छापले गेले आहेत. तुमच्याकडच्या वयस्कर डॉक्टरांचं बरोबर होतं. शुद्धिपत्र पहिल्यापासून माझ्याकडे होतं. पुस्तकं पाठवताना मी ते चिकटवलं नाही, आणि तुमचं पत्र आल्यावर, सगळं कळूनही, पाठवलं नाही. चूक माझी. इथे पेन थांबलं. चार ओळी झाल्या होत्या. पण उरलेलं ते दार मला दिसत होतं, ज्याच्याआडून पान उलटल्याचा आवाज येतो, आणि मला कळलं की एकवीस वर्षं मी उत्तर द्यायला जितका घाबरलो त्याहून जास्त उत्तर यायला घाबरलो. वैजयंतीने टेबलावरचा चष्मा पुसून माझ्याकडे सरकवला. मी लिहिलं: सहा प्रती होत्या, सहा पट्ट्या सोबत आहेत. बाकीच्या पाच प्रती कुठे गेल्या, आणि ते पान पाहून कुणाला औषध दिलं गेलं का, हे तुम्हाला किंवा तुमच्या जागी आता जे कुणी असतील त्यांना माहीत असेल, तर मला कळवा. जे असेल ते कळवा. खाली पूर्ण नाव, पिनरचा पत्ता, फोन. आणि नावाखाली, बऱ्याच विचाराने, लहान अक्षरात, ग्रंथपाल.

पट्ट्या पाकिटात घालताना एकीची कड माझ्या ओल्या बोटाला चिकटली. इतक्या वर्षांनी डिंक जिवंत होता. सोडवायला गेलो तर कागदाचा एक धागा बोटावर राहिला.

पोस्ट ऑफिसातल्या मुलीने पाकीट काट्यावर ठेवलं, बसरा कसं लिहितात ते पडद्यावर शोधलं, तिकिटं लावली. जाईल, म्हणाली, पण किती दिवस ते सांगता येत नाही. मी टाकते पोत्यात, असंही म्हणाली. मी पाकीट परत मागितलं. ते मला स्वतः टाकायचं होतं. बाहेर हाय स्ट्रीटवर ऊन पडलं होतं, ऑक्टोबरचं, काचेतून आल्यासारखं. वैजयंती माझ्याबरोबर आली होती, पाय दुखत असताना. तिने शाल आणली होती, ती शाल. चॅरिटी शॉपमध्ये द्यायला पिशवीत घातली होती, पण वाटेत वारा सुटला म्हणून स्वतःच्या खांद्यावर घेतली. “उबदार आहे मेली,” ती म्हणाली. मला एवढ्यानेही धीर आला, आणि लगेच वाटलं, कशावरून? तिने अजून माझ्याकडे सरळ पाहिलेलं नव्हतं.

लाल पेटीपाशी मी थांबलो. पाकीट तोंडातून आत सरकवलं. बोटं सोडली. पडल्याचा आवाज आला नाही. आत बाकीच्यांची पत्रं असावीत, मऊ, त्यांच्यावर ते अलगद पडलं असणार. मी वाट बघत राहिलो. पेटीच्या आत हवा गार होती.

“टाकलंत?”

“टाकलं.”

“मग हात आत कशाला?”

मागे वाढदिवसाचं कार्ड घेऊन एक बाई उभी होती. “टेक युअर टाइम, लव्ह,” ती म्हणाली.

वैजयंतीने माझा कोपर धरला. “अहो,” ती म्हणाली, माझ्याकडे बघून, “हात काढा. लोक उभे आहेत.”

मी हात काढला.